पहिली बादली परत

पेला मी आईच्या हातात दिला आणि विचारलं, "बघ गं, निवळलं का?" तिने तो खिडकीकडे धरला, अगदी सरळ डोळ्यांसमोर, नीट दोनतीन क्षण बघितलं आणि म्हणाली, "निवळशंख." पेल्यात आंबील होती. म्हणजे आंबील नव्हे, राय नावाचं धान्य आणि सातू यांच्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांचा, पहिला रस, पण पिठाने इतका दाट की पेल्यापलीकडची माझी बोटं मला दिसत नव्हती. मला वाटलं, थट्टा करते आहे. पण आई थट्टा करते तेव्हा तिच्या हनुवटीला एक खळगा पडतो, आणि तो पडलेला नव्हता. तिने पेला मला परत दिला, एप्रनला हात पुसले आणि कूर्नाच्या खुंटीकडे वळली. एकतीस वर्षं मी ताम्पेरे शहराच्या पाणीखात्यात पाण्याचा गढूळपणा मोजते आहे. नळाला येणारं पाणी किती स्वच्छ याचा आकडा रोज सकाळी मी लिहिते, तेव्हा कुठे लोक दात घासतात. माझ्यासमोर कुणी गढूळ पाण्याला निवळशंख म्हणायचं, आणि तेही माझ्या सख्ख्या आईने!

आमच्याकडे साहती ही बायकांनी करायची गोष्ट. बाजारची बियर वेगळी, ती पिवळी, फेसाळ, आरशासारखी. साहती घरची. ती उकळायची नसते. माल्टमध्ये सकाळपासून थोडंथोडं गरम पाणी घालत जायचं, दुपारी ते सगळं लापशीसारखं मिश्रण कूर्नात ओतायचं. कूर्ना म्हणजे एका अख्ख्या अस्पेनच्या खोडाची कोरलेली डोणी, आईच्या वडिलांनी केलेली. तिच्या तळाला जुनिपर झुडपाच्या फांद्या, फांद्यांवर रायचा पेंढा, पेंढ्यावर लापशी. टोकाला एक भोक आणि भोकात खुंटी. खुंटी किंचित सैल केली की रस झिरपायला लागतो. पहिली बादली नेहमीच गढूळ. ती परत वर ओतायची, हलक्या हाताने. पुन्हा गढूळ आली, पुन्हा ओतायची. मग केव्हातरी तळाशी चोथा आपला आपण नीट बसतो, स्वतःच स्वतःची गाळणी होतो, आणि रस स्वच्छ यायला लागतो. घाई करून खुंटी एकदम उपटली तर चोथा दाबला जाऊन घट्ट बसतो आणि धार बंद. मग बसा बोंबलत. आई म्हणते, कूर्ना रुसली. लहानपणी मला वाटायचं कूर्ना ही आमची कुणीतरी आत्याच आहे, हट्टी आणि लांब तोंडाची.

गावचं घर विकल्यावर आई या सहा मजली इमारतीत आली तेव्हा भांडीकुंडी गेली, विणायचा माग गेला, पण कूर्ना आली. वर्षभर ती गच्चीत ताडपत्रीखाली झोपते आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, नाताळच्या साहतीसाठी, तळघरातल्या धुण्याच्या खोलीत उतरते. कारण तिथे गरम पाण्याचा नळ आहे आणि जमिनीला मोरी आहे. दारावरच्या यादीत, जिथे माणसं चादरी धुवायला आपली पाळी लिहितात, तिथे आई दहा तास लिहिते. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने एकदा तक्रार केली होती की नंतर आठवडाभर उशांच्या अभ्र्यांना पावाचा वास येतो. आई म्हणाली, "मग चांगलंच की. भूक लागली तर उशी चावायची." दरवर्षी आई हे एकटीच करते. यंदा खांदा दुखतो म्हणून तिने मला बोलावलं, नुसतं उचलायला. उचलायला आलेल्या माणसाने पेले धरून नाचायचं नसतं हे मला कळायला हवं होतं.

पाच मिनिटांनी आणखी एक गोष्ट घडली. जिला ती निवळशंख म्हणाली होती तीच बादली आईने उचलायला सांगितली आणि डावाने हळूहळू परत वर ओतायला लागली.

"अगं, तूच म्हणालीस ना निवळलं म्हणून?"

"म्हणाले असेन."

"मग परत का ओततेस?"

"अजून झालं नाही म्हणून. तू पेला घेऊन इतकी हौसेने आलीस, तुझं मन राखलं. आता माझं डोकं नको खाऊस मार्केत्ता, डाव धर."

तोंड म्हणतं निवळलं आणि हात परत ओततात. मला हे सोडवेना. आमच्या प्रयोगशाळेत असं झालं तर आम्ही यंत्र दोषी धरतो आणि ठरलेल्या द्रावणाने तपासून बघतो. मी तेच केलं. आता लाज वाटते, पण तेव्हा नुसतं कुतूहल होतं, खाज सुटावी तसं. मी पेला विसळला, त्यात नळाचं साधं पाणी भरलं, ज्याचा त्या सकाळचा आकडा मला पाठ होता, आणि आवाजात काळजी आणून म्हटलं, "आई, हे बघ बरं. अजून गढूळच वाटतंय नाही?" तिने पेला उजेडात धरला. सरळ डोळ्यांसमोर. दोनतीन क्षण. "हो," ती म्हणाली, "चांगलंच गढूळ आहे. धीर धर जरा." मी तिच्या हातातून पेला घेतला आणि ते पाणी मोरीत ओतलं. तिने पेल्याकडे बघितलंच नव्हतं, तिने माझा आवाज ऐकला होता. आईला दिसत नव्हतं.

मग सगळं मागे मागे धावायला लागलं. कॉफी ओतताना ती गप्प व्हायची आणि आम्हालाही गप्प करायची. ते काय शिष्टाचार म्हणून? कपात भरत जाणारा आवाज ऐकायला. पेपर रोज घ्यायची आणि मी गेले की विचारायची, "आज काय भयंकर छापलंय?" मी वाचून दाखवायची आणि वर तिलाच म्हणायची, की तू आळशी झालीस. नाताळची कार्डं यायची तेव्हा चष्मा कधी स्वयंपाकघरात असायचा, कधी सौनात, वाफेच्या न्हाणीत. आणि एप्रिलमध्ये ती बाहेरच्या पायरीवर पडली, बर्फ वितळून गेल्यावर, कोरड्या पायरीवर. कालेर्वो तेव्हापासून हट्टाला पेटला.

कालेर्वो माझा धाकटा भाऊ, हेलसिंकीत असतो. तो दोन वाजता येणार होता, खिशात कागद घेऊन. वृद्धांच्या सेवागृहात जागा मिळावी असा आईच्या नावाचा अर्ज. मला त्याने फोनवर आधीच बजावलं होतं, "सही तिची लागते, राजीखुशीने. ती वाचेल, पटलं तर करेल. तू मधे तोंड घालू नकोस." मी म्हटलं होतं, "तुमचं तुम्ही बघा. मला काय!" हे खरंच असं म्हटलं होतं. का म्हटलं हे सांगायचं तर मला पेंत्तीपाशी जावं लागतं, आणि तिथे मला जायला आवडत नाही. चार वर्षांपूर्वी मी पेंत्तीला सोडलं. सव्वीस वर्षांचा संसार, कारण काही मोठं नाही, एक दिवस घरात शांतता इतकी साचली की मला बुडाल्यासारखं झालं. आईला सांगायला गेले तेव्हा ती बटाटे सोलत होती. ती एवढंच म्हणाली, "तुझं तू बघ." त्या हिवाळ्यापासून तिने माझ्या डोळ्यांत बघणं सोडलं. मी समोर बसले की तिची नजर माझ्या डाव्या कानावर. सुरुवातीला मी कानात हात घालून बघितलं काही लागलंय का. मग कळलं, म्हणजे मला वाटलं की कळलं. नवरा सोडलेली मुलगी तिला बघवत नव्हती. आणि कालेर्वो आला की मात्र मान ताठ, नजर सरळ त्याच्या डोळ्यांत, अगदी फोटो काढताना बसावं तशी. लेकाचं कौतुक! मी चार नाताळ ते बघितलं, आणि दर नाताळात घरी परतताना बसमध्ये माझा डावा कान तापलेला असायचा. जिला माझं तोंड बघायचं नाही तिच्या पाठीशी मी का उभी राहू? असा माझा हिशेब.

आता तळघरात उभं राहून मला तो हिशेब पुन्हा मांडायला हवा होता, पण धार चालू होती आणि आई खुंटीपाशी वाकून बसली होती. मी तिच्याकडे बघत राहिले. ती बादलीत बघत नव्हती. डोकं किंचित कलतं करून ऐकत होती. मधूनच दोन बोटं धारेखाली धरायची आणि अंगठ्याने चोळायची, पिठाची कणी लागते का बघायला. "ऐकलंस?" ती म्हणाली. "काय?" "आत्ता ती थुंकली. थुंकते आहे तोवर नाही." मी कान दिला. खरंच, धार मधेच तुटत होती, फुर्र करत होती, कोंड्याचा एखादा कण भोकात अडायचा आणि सुटायचा. मी चौथ्यांदा, पाचव्यांदा ओतलं. हळू ओत, तिच्या अंगावर पाणी नको पडायला, घरंगळत जाऊ दे. वाफेने खिडकी आंधळी झाली. जुनिपरचा ओला कडवट वास, आणि खाली पावाचा गोड. मग एकदा आईने हात वर केला. मी थांबले. धारेचा आवाज बारीक झाला होता, एकसारखा, कुणीतरी दात न उघडता गुणगुणावं तसा. "आली," आई म्हणाली. मी पेला धरला. तांबूस, खोल, आणि पलीकडे माझी पाचही बोटं, नखांसकट. आमच्या यंत्रात प्रकाशाची एक तिरीप पाण्यातून आरपार जाते, पण तिला पकडणारा डोळा समोर नसतो, कडेला असतो, कारण सरळ बघणाऱ्याला थोडा गढूळपणा कळतच नाही. नव्या मुलांना मी हे दरवर्षी शिकवते. आईला यंत्र लागलं नव्हतं. मला तिचा अभिमान वाटला, पण काही विचारायला वेळ नव्हता, कारण जिन्यावर पावलं वाजली.

कालेर्वो दारात वाकून आत आला. लोकरीची टोपी, लांब कोट, चष्म्यावर लगेच वाफ. "हे काय, आंघोळी चालल्यात की काय दोघींच्या?"

"ये रे ये," आई उठली. मान ताठ. नजर सरळ त्याच्या डोळ्यांत. "गाडी वेळेवर होती?"

"होती. तू बस. खांदा कसा आहे?"

"खांदा खांद्याच्या जागी आहे. तुझ्या घरचे बरे आहेत ना सगळे?"

"बरे आहेत." त्याने आतल्या खिशातून लिफाफा काढला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बिचारा, वाटेत गाडीत बसून त्याने हे दहादा मनात म्हटलेलं असणार. "आई, फोनवर बोललो होतो ना, तो कागद. सही केलीच पाहिजे असं काही नाही. रांगेत नाव लागेल एवढंच, जागा कधी मिळेल ते मिळेल. नीट वाच. पटलं तर कर."

आईने हात एप्रनला पुसले. कागद घेतला. खिडकीकडे धरला, सरळ डोळ्यांसमोर. तिने डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे नेलं, पुन्हा डावीकडे आणलं, थोडं खाली, पुन्हा उजवीकडे. ती वाचत असल्यासारखं करत होती. ओळीओळीने. पान संपेपर्यंत. किती वर्षांचा सराव असेल! या दोनतीन मिनिटांत मला लखलखीत दिसलं की ती सही करणार. घर जाईल, कूर्ना जाईल, पण मला वाचता येत नाही एवढं ती म्हणणार नाही. कालेर्वोचा आवाज मऊ होता, त्यावरून तिला वाटलं असेल की कागदही मऊ असेल, जसं पेल्यातलं पाणी तिने माझ्या आवाजावरून गढूळ ठरवलं तसं. "ठीक आहे," आई म्हणाली. "पेन दे."

कालेर्वोने पेन दिलं. वॉशिंग मशीनच्या झाकणावर कागद पसरला, सहीच्या जागी बोट ठेवलं. मला ओरडून सांगता आलं असतं, तिला दिसत नाही रे! पण मग तेच कारण घेऊन कालेर्वो तिला उद्याच नेईल. आणि तिने जे चार हिवाळे झाकून ठेवलं ते मी एका वाक्यात उघडं टाकायचं? पेनचं टोक कागदाला लागलं.

"आई," मी म्हटलं, "ते गढूळ आहे."

पेन थांबलं.

"काय गढूळ आहे?" कालेर्वो म्हणाला. "मस्त तर चाललीय धार."

"गढूळ आहे आई," मी पुन्हा म्हटलं. माझा आवाज भलताच बारीक निघाला. "परत ओत."

आई हलली नाही. मशीनच्या झाकणावर तिचा हात तसाच, ओल्या बोटांखाली कागदाचा कोपरा फुगत चाललेला. मागे धार गुणगुणत होती. मग तिने पेनचं टोपण लावलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लागलं, आणि कालेर्वोने ते बघितलं.

"कालेर्वो," ती म्हणाली, "मला वाचून दाखव."

"अगं आत्ताच तर वाचलंस."

"तू दाखव वाचून. मोठ्याने."

त्याने चष्मा पुसला आणि वाचायला लागला. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं सरकारी सुरात. मग: "मी, अर्जदार, स्वतःच्या इच्छेने माझं सध्याचं घर कायमचं सोडून..." तिथे तो थांबला. खोकला. पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा त्याच शब्दापाशी थांबला.

"थुंकली," आई म्हणाली. माझ्याकडे तोंड करून, हनुवटीला खळगा पाडून.

"काय थुंकली? आई, तू पडली होतीस एप्रिलमध्ये. मला रात्र रात्र झोप लागत नाही. इथे तू एकटी, मी दोन तासांवर, ही..." ही म्हणजे मी. त्याने वाक्य सोडून दिलं.

"पडले," आई म्हणाली. "पायरी दिसली नाही म्हणून पडले. मधलं गेलंय माझ्या डोळ्यांतलं. चार वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले परत येत नाही, कडा राहतील. तर कडा आहेत."

कालेर्वो खुर्ची शोधायला लागला आणि बादलीवर बसता बसता वाचला. "चार वर्षं? आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर हा कागद चार वर्षं आधी आला असता."

"पण तू तर माझ्याकडे सरळ बघतेस! दर वेळी! मी बायकोला म्हणतो, आई अजून कशी डोळ्याला डोळा भिडवून बोलते बघ!"

"तुला फसवायचं होतं ना, म्हणून. सरळ बघितलं की तू नसतोस तिथे. एक करडा डाग असतो, त्यातून तुझा आवाज येतो. पण तुझं समाधान होतं."

"मग तुला कुणी दिसतच नाही?"

"दिसतं की. ज्याला बघायचंय त्याच्या कानाकडे बघायचं. मग कडेने येतो थोडा थोडा."

माझ्या हातात डाव होता. त्यातून रस टपटप माझ्या बुटावर पडत होता आणि मला तो बाजूला घ्यायचं सुचेना. कानाकडे. ज्याला बघायचंय त्याच्या.

"तुला आता फसवायचं राहिलं नाही," आई कालेर्वोला म्हणाली. "टोपी काढ आणि सरळ उभा राहा." वाफेने त्याचा घाम वाहत होता, त्याने टोपी काढली. तिने मान जराशी वळवली, नजर त्याच्या उजव्या कानावर टेकवली आणि थांबली. डोकं थोडं इकडे केलं, थोडं तिकडे, हातात पेला असल्यासारखं. कालेर्वो बावन्न वर्षांचा माणूस, शाळेत फळ्यापाशी उभं केल्यासारखा ताठ.

"अगं बाई!" आई म्हणाली. "टक्कल पडलं की रे तुला!"

"तीन वर्षं झाली, आई."

"कुणी बोललं नाही मला." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने हात पुढे करून त्याच्या डोक्यावरून फिरवला, पुढून मागे, मग मागून पुढे. तो खाली वाकला, तिचा हात पोचावा म्हणून, आणि बराच वेळ वाकूनच राहिला. कागद अजून मशीनवर होता. शेवटी त्याने तो उचलला, घडी घातली, खिशात ठेवला. फाडला नाही. "यावर बोलावं लागेल," तो म्हणाला. "बोलू की," आई म्हणाली, "कोण नाही म्हणतं? आधी कोट काढ आणि गरम पाणी आण. चोथा कोरडा पडला तर तुझा बाप येणार आहे का ती उघडायला?" त्याने बादली भरली आणि धबाककन ओतायला लागला. "हळू रे गाढवा, हळू! घरंगळू दे!"

मी खुंटीपाशी बसले. बादली भरत आली होती. मी पेला धारेखाली धरला, भरला, तो स्वच्छ होता, आणि मी तो कुणाला न दाखवता खाली ठेवला. चार वर्षं. पेंत्तीच्या नंतरची पहिली दिवाणखान्यातली बैठक, वाढदिवस, कॉफ्या, एकदा मी रडले होते ती संध्याकाळ. त्या संध्याकाळी तर तिने माझ्या कानावरून नजर हलवलीच नव्हती, आणि मी पर्स उचलून दार आपटून निघून गेले होते.

"आई," मी हाक मारली.

"काय गं? थांबली की काय?"

"नाही. चालू आहे."

ती माझ्याकडे वळली. वाफेतून तिची नजर आली आणि माझ्या डाव्या कानावर टेकली, नेहमीच्या जागी. मी कानावरचे केस मागे घेतले आणि तिचं बघून होईपर्यंत हलले नाही.